गिटारीची वहिवाट

जुन्या वाद्यांचा शौक हा इतर जुन्या वस्तूंच्या शौकाहून थोडा निराळा आहे. जुने नाणे मखमलीच्या पेटीत ठेवले तरी ते नाणेच राहते. जुनी तलवार भिंतीवर टांगली तरी तिचे काही बिघडत नाही. तिचे काम संपले आहे, हे आपण सर्वांनीच मान्य केलेले असते. वाद्याचे काम मात्र संपत नाही. ते शंभर वर्षांचे झाले तरी हाती घेणाऱ्याने तार छेडावी, अशी त्याची अपेक्षा असते. आणि तार छेडावयाची तर ती आधी बदलावी लागते, खुंटी पिळावी लागते, झिजलेली घोडी काढून नवी बसवावी लागते. वाद्य बोलते ठेवावयाचे तर ते थोडे थोडे बदलावे लागते, आणि जसेच्या तसे ठेवावयाचे तर मुके करावे लागते. शौकिनांचे बहुतेक वाद ह्या एका पेचातून निघतात.

हैदराबाद व सिकंदराबाद ह्या जुळ्या शहरांतील गिटारीच्या शौकिनांत आमची ऊठबस आहे. ही मंडळी अधूनमधून कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमतात, आपापली वाद्ये आणतात, आणि चहा येईपर्यंत ती एकमेकांच्या हाती फिरत राहतात. कोणाकडे मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवावयाची जुनी हवाईयन गिटार असते. बनविणाराची आतली चिठ्ठी कसरीने खाल्लेली. कोणाकडे गोमंतकीय घराण्यातून आलेली, पेराच्या आकाराची, बारा तारांची पोर्तुगीज गिटार असते. एखाद्या दाक्षिणात्य स्नेह्याने गोट्टुवाद्यम आणलेले असते; ते गिटार नव्हे, पण तिचे नाते सांगावयास हक्काने येऊन बसते. लाकूड, तारा, खुंट्या ह्यांविषयी ही मंडळी ज्या आस्थेने बोलतात ती ऐकून सुख वाटते. परंतु दोन प्रश्न निघाले की आवाज चढतात. पहिला असा, की तारेवर कांडी सरकवून वाजविण्याची कला मूळची कोणाची, हवाई बेटांची की आपली? दुसरा असा, की परदेशी बनावटीच्या जुन्या गिटारीला भोके पाडून तीत चिकारीच्या व तरफेच्या खुंट्या बसविल्या, तर ते वाद्य सुधारले की नासले? आमचा पेशा वकिलीचा. हे दोन्ही प्रश्न वस्तुतः एकच असून तो हक्काचा प्रश्न आहे, असे आमचे मत झाले. त्याची हकीकत वाचकांपुढे मांडीत आहो.

वाद्यावर जीव जडणे ही दख्खनला काही नवी गोष्ट नाही. विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहीम आदिलशाह (कारकीर्द १५८० ते १६२७) हा स्वतः वादक होता. त्याच्या लाडक्या हत्तीचे नाव 'आतशखान' आणि लाडक्या तंबुऱ्याचे नाव 'मोतीखान'. वाद्याला माणसासारखे नाव, तेही मानाच्या 'खान' ह्या पदवीसह देणारा हा राजा आमच्या मंडळीत सहज शोभला असता. त्याने दख्खनी भाषेत रचलेल्या 'किताब-ए-नौरस' ह्या गीतसंग्रहात मोतीखानाचे कौतुक आहे. अकबराचा वकील म्हणून विजापुरास गेलेला असदबेग सांगतो की, ह्या सुलतानाला फारसीपेक्षा मराठीत बोलणे अधिक सोयीचे वाटे. 'किताब-ए-नौरस'चे हस्तलिखित हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जपलेले आहे. ज्यांना वाद्याचा शौक म्हणजे पाश्चात्त्यांकडून उचललेली हौस वाटते, त्यांनी मुसी नदीच्या काठी जाऊन एवढी एक साक्ष तरी ध्यानात घ्यावी.

आता पहिला वाद. हवाईयन गिटार ही मूळची हिंदी कला असे म्हणणाऱ्यांचा मोठा आधार म्हणजे गेब्रिएल डेव्हियन नावाचा एक इसम. हा हिंदुस्थानात जन्मलेला तरुण; त्याला एका जहाजाच्या कप्तानाने पळवून नेले, आणि फिरत फिरत तो होनोलुलूस पोचला. तेथे १८८४-८५च्या सुमारास तो गिटारीच्या तारेवर कठीण वस्तू सरकवून सूर काढी, अशी हकीकत आहे. हवाई बेटांतील नामांकित संगीतरचनाकार चार्ल्स किंग ह्यांच्या आठवणीवर ती आधारलेली असून हेलेन रॉबर्ट्स ह्या विदुषीच्या १९२६ सालच्या ग्रंथामुळे ती सर्वतोमुखी झाली. आमच्या मित्रांना ही गोष्ट अतिशय प्रिय आहे. पळवून नेलेला हिंदी मुलगा, दूरचे बेट, आणि त्याच्या हातातून उमटलेली वीणेची मींड! नाटकास ह्याहून चांगले कथानक कोणते?

परंतु न्यायालयात ही साक्ष टिकणे कठीण आहे. किंग ह्यांचा जन्म १८७४ सालचा. म्हणजे त्यांनी डेव्हियनला ऐकले तेव्हा त्यांचे वय दहा-अकरा वर्षांचे, आणि हकीकत छापली गेली चाळीस वर्षांनंतर. डेव्हियन हिंदुस्थानात जन्मला हे खरे धरले तरी त्याने तेथे कोणती वीणा ऐकली, ऐकली की नाही, हे कोणी सांगितलेले नाही. जन्मस्थान हा विद्येचा पुरावा होत नाही. आमच्या पक्षकारांपैकी कितीतरी पुण्यास जन्मले आहेत, पण म्हणून ते पंडित ठरले नाहीत.

प्रतिपक्षाची बाजू अधिक भक्कम आहे. गिटार हवाई बेटांवर गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मेक्सिकोतून आलेल्या गुराख्यांबरोबर. पुढे १८७९ साली 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज मदैरा ह्या पोर्तुगीज बेटावरून मजूर घेऊन होनोलुलूस लागले. त्यात काही सुतार होते आणि त्यांच्याबरोबर 'मशेत' नावाचे चार तारांचे चिमुकले वाद्य होते. त्यातूनच युकुलेले घडले. ज्या पोर्तुगीज दर्यावर्दींनी गोव्यास गिटार आणली, त्यांच्याच भाऊबंदांनी प्रशांत महासागरात तिची धाकटी बहीण पोचविली, हे आमच्या गोमंतकीय वाचकांस ऐकून मौज वाटेल. ओआहू बेटावरील लाई गावचा जोसेफ केकुकू (१८७४ ते १९३२) हा कामेहामेहा शाळेत शिकत असता, १८८९च्या सुमारास, त्याने तारेवर लोखंड सरकवून पाहिले, शाळेच्या कारखान्यात तेवढ्यासाठी पोलादी कांडी घडवून घेतली, तारा पडद्यांपासून उंच उचलल्या, आणि ही नवी रीत इतरांस शिकविली. १९०४ साली तो बेटे सोडून अमेरिकेस गेला, पुढे युरोपभर हिंडला, आणि जन्मभर ह्याच विद्येवर जगला. डेव्हियनच्या बाजूस एक गोष्ट आहे. केकुकूच्या बाजूस वाद्य, शिष्य आणि उभे आयुष्य आहे. सिद्धीचा भार ज्याच्यावर त्याने तो उचलला, असेच म्हणावे लागेल.

मग आपल्या पदरी काय राहिले? पुष्कळ राहिले, आणि ते डेव्हियनच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोलाचे आहे. 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात शार्ङ्गदेवाने लिहिला तो देवगिरीस, यादव राजा सिंघण ह्याच्या आश्रयास असताना. घराणे मूळचे काश्मीरचे, पण आजोबा दक्षिणेत येऊन स्थिरावले. शार्ङ्गदेव स्वतः राजाच्या दप्तरी हिशेबाच्या मोठ्या हुद्द्यावर होता. दिवसा जमाखर्च आणि एरवी श्रुतिस्वर! त्याच्या ग्रंथाचा सहावा अध्याय वाद्यांचा. त्यात एकतंत्री वीणेचे सविस्तर वर्णन आहे. हिला पडदे नाहीत, तार एकच. उजव्या हाताने ती छेडावयाची आणि डाव्या हातातील 'कम्रिका', म्हणजे वेळूची लहानशी कांडी, तारेवर सरकवून सूर काढावयाचे. केकुकूच्या आधी साडेसहाशे वर्षे, आणि तेही आपल्या मराठवाड्यात! १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत औरंगाबाद जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. तेव्हा आमचे हैदराबादी मित्र देवगिरीवर हक्क सांगू लागले तर त्यांना अगदीच निराधार म्हणता यावयाचे नाही.

ही परंपरा पुढे दोन वाटांनी दिसते. उत्तरेकडे पतियाळा दरबारचे अब्दुल अजीज खाँ ह्यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी काचेचा गोटा सरकवून वाजवावयाची विचित्रवीणा नावारूपास आणली. दक्षिणेकडे गोट्टुवाद्यम आहे, आणि तेथे आपला संबंध पुन्हा जुळतो. तंजावरावर १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. राज्य गेले तरी तेथे वसलेली मराठी कुटुंबे राहिली. अशाच एका कुटुंबातील तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव ह्यांनी मागे पडलेले हे वाद्य मैफलीत प्रतिष्ठित केले. थोर गायक सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर हे त्यांच्यापाशी शिकले, आणि नारायण अय्यंगार (१९०३ ते १९५९) ह्यांनी त्यांच्यापासून हे वाद्य घेऊन त्याला पुढची उंची दिली. आज नारायण अय्यंगारांचे नातू रविकिरण ते 'चित्रवीणा' ह्या नावाने वाजवितात. मराठी वाचकांस सखाराम रावांचे नाव फारसे ठाऊक नसावे ही खेदाची गोष्ट आहे. डेव्हियनसाठी भांडणाऱ्यांनी त्यातील अर्धा उत्साह ह्या तंजावरी मराठी माणसासाठी खर्च केला, तर तो सत्कारणी लागेल.

ह्या सर्वांवरून आमचा निष्कर्ष असा की, देवगिरीची कम्रिका आणि लाईची पोलादी कांडी ह्यांना जोडणारा दुवा कोणी सिद्ध केलेला नाही, आणि तो असावयास पाहिजे असेही नाही. ताणलेल्या तारेवर काही गुळगुळीत वस्तू सरकवावी, हे एकाहून अधिक माणसांना सुचू शकते. डब्ल्यू. सी. हँडी ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकाराने आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की, १९०३च्या सुमारास मिसिसिपीतील टटवायलर स्टेशनावर त्याने एका फाटक्या माणसाला गिटारीच्या तारेवर सुरी दाबून वाजविताना ऐकले. त्या माणसाने ना 'संगीतरत्नाकर' वाचला होता, ना कोणा राजाचा आश्रय त्याला मिळाला होता.

जन्माचा हक्क असा अनिर्णीत राहिला, तर कायदा दुसरा मार्ग दाखवितो तो वहिवाटीचा. १९६३च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीवर कोणी उघडपणे, अखंड आणि मूळ मालकाचा हक्क झुगारून बारा वर्षे कब्जा ठेवला, तर मालकाला ती परत मागता येत नाही. वाद्यांच्या बाबतीत ह्या कायद्यातील कडवटपणा तेवढा गळून जातो. कारण येथे एकाने मिळविले म्हणून दुसऱ्याचे काही जात नाही. व्हायोलिन पाहा. मुत्तुस्वामी दीक्षितांचे धाकटे बंधू बालुस्वामी ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती कर्नाटक संगीतात आणली. आज व्हायोलिनवाचून दक्षिणेतील मैफल उभी राहत नाही, आणि तिच्यामुळे युरोपात एकही व्हायोलिन कमी झालेली नाही.

गिटारीची वहिवाट आपल्याकडे कशी सुरू झाली तेही पाहण्याजोगे आहे. गोव्यात ती चर्चच्या व घरगुती संगीतातून रुजली, आणि एकोणिसाव्या शतकात मांडो बहरला तेव्हा व्हायोलिन आणि घुमटाच्या सोबतीस बसली. घुमट मातीचे आणि गिटार परदेशी लाकडाची. पण मांडो ऐकताना ह्यात पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे कोणी विचारीत नाही. हैदराबादेस पाश्चात्त्य वाद्ये आली ती मुख्यतः छावणीच्या वाटेने. सिकंदराबादची छावणी १८०६ सालची; तेथील चर्चे, क्लब आणि रेल्वेची वसाहत ह्यांतून गोमंतकीय व अँग्लो-इंडियन वादकांनी ती वाजती ठेवली. हवाईयन गिटारीचा खरा प्रसार मात्र कलकत्त्याहून झाला. ताऊ मो हे हवाईयन गिटारवादक आपल्या कुटुंबासह १९४०च्या दशकात कलकत्त्यास राहिले; त्यांनी वाजविले, शिकविले, आणि बंगालच्या घराघरांत ही गिटार पोचविली. विजेवर चालणारी पहिली यशस्वी गिटारही ह्याच जातीची होती. जॉर्ज बीचमने तिच्या पेटंटसाठी १९३४ साली अर्ज केला आणि ते १९३७ साली मिळाले. म्हणजे आज जगभर गाजणाऱ्या विजेच्या गिटारीचा उगम मांडीवर आडव्या ठेवलेल्या ह्या वाद्यात आहे.

परदेशी वाद्याची आपल्याकडे खरी कसोटी कोणती, ह्याचे एक बोधक उदाहरण नभोवाणीत सापडते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीस बंदी केली, आणि ती १९७१ पर्यंत निघाली नाही. आक्षेप अनेक होते; पण त्यातील सांगीतिक आक्षेप हा की, पेटीचे सूर ठरीव, तिच्यातून मींड निघत नाही. पोलादी कांडीच्या गिटारीची मातब्बरी नेमकी मींडीतच. त्यामुळे पेटीवर बंदी असलेल्या त्याच वर्षांत ही गिटार नभोवाणीवर निर्वेधपणे ऐकू येत असे. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग ह्यांनी चित्रपटगीतांच्या धुनांतून तिला लोकप्रिय केले. परंतु रागसंगीतात तिला आसन मिळवून दिले ते जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा (१९३७ ते २०१८) ह्यांनी. ते अली अकबर खाँ ह्यांचे शिष्य. त्यांनी सरोदाची तालीम घेतली आणि ती गिटारीवर उतरविली. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्याबरोबरची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ची ध्वनिमुद्रिका ज्यांनी ऐकली असेल, त्यांना अधिक सांगावयास नको.

येथे आपण दुसऱ्या वादाशी येऊन पोचतो. काब्रांनी हे जे साधले ते अमेरिकन गिटार जशीच्या तशी वाजवून नव्हे. त्यांनी तारा उंच उचलल्या, आणि सुराची व चिकारीची सोय केली. विश्वमोहन भट्ट ह्यांनी त्यापुढे जाऊन तरफेच्या तारा बसविल्या. तारांची संख्या विसाच्या घरात गेली. त्याच वाद्यावर त्यांनी राय कूडरबरोबर वाजविलेल्या ध्वनिमुद्रिकेस १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. कलकत्त्याचे देबाशीष भट्टाचार्य ह्यांनी तर 'चतुरंगी', 'गांधर्वी' आणि 'आनंदी' असे तिचे कुटुंबच उभे केले. जुन्या वस्तूंच्या बाजारात एक खुंटी बदललेली आढळली तरी गिटारीची किंमत उतरते. त्या बाजाराच्या न्यायाने ही सारी वाद्ये नासलेली ठरतील! आणि हाच न्याय मागे लावला तर केकुकूनेही शाळेतली एक चांगली गिटार नासलीच होती.

नावांचाही असाच घोटाळा. भट्टांच्या गिटारीस 'मोहनवीणा' म्हणतात. परंतु सरोदवादक राधिकामोहन मैत्र ह्यांनी १९४८च्या सुमारास आपल्या हाताने घडविलेल्या, सरोदाच्या जातीच्या एका वाद्यास हेच नाव मिळालेले होते. दोन निराळी वाद्ये, दोन 'मोहन', आणि एक नाव! व्यापारी चिन्हाचा दावा असता तर आमच्या व्यवसायबंधूंस बरेच दिवस काम पुरले असते. गिटारीस 'वीणा' म्हणण्यामागील भावना आम्ही समजतो. परकीयास नागरिकत्वाचा दाखला द्यावा तसे ते आहे. पण दाखल्यासाठी पूर्वजांची नावे बदलू नयेत. गिटार ही गिटार म्हणून आली, आणि गिटार म्हणूनच आपली झाली, ह्यात कमीपणा कसला?

तरीही भोके पाडणाऱ्यांच्या बाजूने सरसकट निकाल देण्यास आम्ही तयार नाही. पुराव्याच्या कायद्यात तीस वर्षांहून जुन्या दस्तऐवजास विशेष मान आहे, पण एका अटीवर: तो योग्य ताब्यातून आलेला असला पाहिजे. जुने वाद्य हाही एक दस्तऐवजच. त्यातील लाकडाची जाडी, घोडीची उंची, आतल्या पट्ट्यांची मांडणी ही त्या कारागिराची साक्ष असते, आणि बहुधा ती दुसरीकडे कोठेही लिहिलेली नसते. आपल्याकडील कितीतरी गिटारकारागीर नाव न ठेवता गेले. त्यांचे वाद्य हेच त्यांचे एकमेव लेखन. ते खोडून टाकण्याचा अधिकार केवळ पैसे मोजल्याने येत नाही. काब्रा व भट्ट ह्यांनी बदल केले ते संगीताने मागितले म्हणून. हौसेखातर भोके पाडणाऱ्याने त्यांचे नाव सांगू नये. नवे प्रयोग नव्या लाकडावर करावेत. चांगल्या लाकडाची व कुशल हातांची आपल्याकडे वाण नाही. सतार-तंबुऱ्यांचे मिरज हैदराबादेहून फार दूर नाही.

तेव्हा आमचा निकाल असा. वाद्याचा मालक हा विश्वस्त होय. त्याने ते वाजवावे, निदान वाजविणाऱ्याच्या हाती द्यावे. कारण मुक्या वाद्याची वहिवाट तुटते. दुरुस्ती करावी, पण काढलेली जुनी खुंटी वा घोडी फेकून न देता कापडात बांधून ठेवावी. जे वाद्य एकुलते एक आहे त्यास शस्त्र लावू नये. आणि वाद्य कोणाकडून आले, केव्हा आले, कोणी दुरुस्त केले, काय बदलले, हे एका कागदावर लिहून, खाली सही व तारीख घालून, तो कागद वाद्याच्या पेटीत ठेवावा. मंडळींपैकी बहुतेकांनी आजोबांची गिटार जपली आहे, पण आजोबांस ती कोणी दिली हे सांगणारा कागद त्यांच्यापाशी नाही. आणि ज्यांना ते तोंडी ठाऊक आहे ती माणसे वृद्ध झाली आहेत. मोतीखान कोणत्या लाकडाचा होता हे आज कोणी सांगू शकत नाही. त्याचे नाव आपणांस कळते ते इब्राहीमने ते लिहून ठेवले म्हणून. शौकिनांनी ह्याच आठवड्यात घरातील वडीलधाऱ्यांस विचारून तो कागद लिहावा. वाद पुढच्या बैठकीपर्यंत थांबतील. साक्षीदार थांबतीलच असे नाही.